चौघं मिळाले की थांबायचं

चार माणसं गोळा करायला काय लागतं? डोकं लागतं, आणि ते माझ्याकडे आहे असं मी परवापर्यंत समजत होतो. पवईच्या एका ऑफिसात मी प्रोग्राम लिहितो. त्यामुळे आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले हरेश्वरभाऊ जेव्हा म्हणाले, "ओजस, मी गेलो तर या सात विंगांतून मला चार खांदेकरी मिळायचे नाहीत रे," तेव्हा मी ताडकन बोललो, "भाऊ, मिनिटात उभे करीन! आणि पहिला खांदा माझा."

"बघू," भाऊ म्हणाले.

त्यांची शंका अगदीच खोटी नव्हती. कुणाच्या कपड्यांचं पाणी गळतं, कुणाची गाडी वाकडी लागते, कुणाचा कुत्रा जिना घाण करतो, भाऊंनी कुणालाच सोडलं नव्हतं. बोलचाल उरली होती ती फक्त आमच्या घराशी. रविवारी चहाला यायचे आणि साखर कमी पडली म्हणून माझ्या बायकोशी, नमिताशी, भांडून जायचे. मला ते फार आवडायचे.

परवा सकाळी भाऊ झोपेतच गेले. सेक्रेटरी निमेशने ग्रुपवर बातमी टाकली आणि बघता बघता स्क्रीन जोडलेल्या हातांनी भरून गेली. ॐ शांती. भावपूर्ण श्रद्धांजली. मी खिडकीतून खाली पाहिलं. खाली वॉचमन खंडू होता आणि दहिसरहून धावत आलेली भाऊंची पुतणी गंधाली. भाऊंचं रक्ताचं असं तेवढंच माणूस. प्लास्टिकच्या खुर्चीवर ती एकटी बसली होती आणि सारखी लिफ्टकडे बघत होती.

"सरळ जाऊन दारं वाजव ना," नमिता म्हणाली.

"अगं, दार वाजवलं की लोक कारणं सांगतात."

मी लॅपटॉप उघडला. प्रोग्राम साधाच होता. त्यात दोन लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारे फेरे, एकाच्या पोटात एक. बाहेरचा विंगा फिरणार, आतला त्या विंगेतले फ्लॅट फिरणार, तळमजल्यापासून वरपर्यंत. प्रत्येकाच्या फोनवर एकच प्रश्न: भाऊंना खांदा द्यायला येणार का? 'हो' आलं की लगेच उत्तर जायचं: "चौघांत तुमचं नाव धरलं आहे. तुम्ही नसलात तर तिघंच उरतील." या शेवटच्या वाक्याचा मला फार अभिमान वाटला. चौथा 'हो' मिळाला की ब्रेक, म्हणजे थांबायचं. मी बटण दाबलं आणि आंघोळीला गेलो.

आता ज्यांना हे कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेक फक्त आतल्या लूपमधून बाहेर काढतो. बेडरूममधून बाहेर पडलं म्हणजे घराबाहेर पडलं असं होत नाही, तसंच. ए विंगेत चौघं मिळाल्यावर बाहेरच्या लूपला 'तूही थांब' असं कुणी सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही. कुणी म्हणजे मी. तो मुकाट बी विंगेत शिरला आणि पुन्हा एकपासून मोजायला लागला. मग सी. मग डी.

मी खाली उतरलो तेव्हा पोर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि भांडण जुंपलं होतं.

"चौघांत आम्ही आहोत," ए विंगेचा विपुल म्हणत होता. "हा बघ मेसेज."

"मेसेज आम्हालाही आलाय," बी विंगेतला एकजण ओरडला. " ऑफिसला दांडी मारलीय यार मी! माझ्याशिवाय तिघंच उरतील असं लिहिलंय."

"भाऊ तर तुला दारातही उभं करत नव्हते."

"तुला करत होते?"

मी तोंड उघडणार एवढ्यात गंधालीकडे लक्ष गेलं. ती खुर्चीतून उठली होती. ही गर्दी बघून तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण चेहरा सकाळपेक्षा निवळला होता. हा सगळा ब्रेकचा घोळ आहे हे आता कुठल्या तोंडाने सांगणार? सांगितलं असतं तर निम्मे लोक घरी गेले असते.

शेवटी निमेशने तोडगा काढला. भाऊंना एकेका विंगेच्या दारावरून न्यायचं आणि प्रत्येक दारात त्या विंगेच्या चौघांनी खांदा बदलायचा. ज्या दारांशी भाऊ जन्मभर भांडले, त्या प्रत्येक दारासमोर त्यांची तिरडी थांबत होती. माझा बाहेरचा लूप माझ्या डोळ्यांदेखत चालत होता.

शेवटची विंग आमची. मी पुढे झालो.

"मेसेज आलाय तुला?" निमेशने विचारलं.

"नाही, पण..."

"मग बाजूला रहा ना. या विंगेचे चार झाले."

मी सर्वात वरच्या मजल्यावर राहतो. खालच्या मजल्यांवर चौघं भरले आणि माझ्यापर्यंत यायच्या आत ब्रेक लागला. माझ्या बाबतीत तो अगदी चोख चालला होता.

"हे धर तेवढं," म्हणत कुणीतरी माझ्या हातात आपला फोन दिला. मग दुसऱ्याने दिला, तिसऱ्याने चष्मा दिला. सगळं छातीशी धरून मी मागून चालत राहिलो. डोळे पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

गेटपाशी शववाहिनी उभी होती. गंधाली माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका सांगायचा, इथला एक ओजस पहिला खांदा देणार आहे. मला त्यांना हात जोडायचेत. यातले ओजस कोणते हो?"

मी पुढच्या एका पाठीकडे हनुवटीने खूण केली. तो विपुल होता, वाकड्या गाडीवाला. तिने त्याला वाकून नमस्कार केला आणि त्याने तो घेतला.