बोललं की टिक

"माझ्या मुलींना झोपेतून उठवा, डोळे चोळत चोळत पेशंट वाचवतील!"

मनिषा भोईर हे वाक्य त्या आठवड्यात इतक्यांदा बोलली होती की नर्सिंग शाळेखालच्या चहावाल्यालाही ते पाठ झालं होतं. बोलणारच! शाळेच्या मान्यतेसाठी तपासणी समिती येणार होती आणि समितीला बघायची होती फक्त एक गोष्ट, मनिषाची सिम्युलेशन लॅब.

सिम्युलेशन म्हणजे खोट्या पेशंटवर खरा सराव. पेशंटचं सोंग घेतलेला माणूस खाटेवर झोपतो, मुली त्याला तपासतात, उपचार करतात. चुकलं तरी कुणी मरत नाही. मनिषाला या शेवटच्या मुद्द्याचा फार अभिमान होता.

शाळा भिवंडीत एका यंत्रमाग कारखान्याच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. खाली माग सुरू झाले की वर खुर्च्या आपोआप सरकत. अशा जागी मनिषाने लॅब उभी केली होती. ऑक्सिजनचं सिलिंडर रिकामं, पण रंग ताजा. भिंतीवर मदतीसाठी लाल फोन, त्याला वायर नाही. सलाईनच्या बाटल्यांत नळाचं पाणी. 'ग्लुकोज' असं सुवाच्य अक्षरांत लिहिलेल्या बरणीत खडूची पूड. आता कापूस, सुया, हातमोजे तर रोज लागणार, आणि ते दिवाळीच्या आतच संपत. म्हणून मनिषाने एक पद्धत बसवली होती. करायचं नाही, बोलायचं!

"मी हात धुते." टिक.

"मी हातमोजे घालते." टिक.

"मी ऑक्सिजन लावते." टिक. मार्क पक्के!

पूर्वा नावाची मुलगी यात इतकी तयार झाली होती की एका दमात अख्खा हार्ट अटॅक बरा करायची. आणि दुसऱ्या टोकाला करिष्मा. गणेशपुरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून एसटीने यायची. तिला "हात धुते" म्हण म्हटलं की ती नळाकडे चालू लागे!

"करिष्मा, धुऊ नकोस. बोल!"

"पन मॅडम, धुतल्याबिगर धुतले कशी बोलू?"

"अगं वेळ संपतो!"

"संपतो ना. मंग धुयाला नको का लवकर?"

अशाने ती दर परीक्षेत नापास. पेशंट वाचलेला असायचा, पण करिष्मा गेलेली.

मनिषाचा दुसरा नियम याहून कडक होता आणि त्याला कारण जानकीबाई. जानकीबाई जवळच्या राहनाळ गावची, शाळेची नेहमीची पेशंट. चहा-नाश्ता आणि थोडं मानधन मिळालं की कुठल्याही रोगाने आजारी पडायची तिची तयारी. पण ऐन रंगात आलं की उठून बसायची. "थांबा गो पोरींनो, पायाला मुंग्या आल्या!" की सगळ्या मुली बेशुद्ध पेशंटचे पाय चोळायला धावत. तेव्हा मनिषाने फर्मान काढलं, "पेशंट काहीही बोलू दे! थांबा म्हणू दे, खरंच होतंय म्हणू दे, आईची शपथ घेऊ दे! तो त्याचा रोल. जी मुलगी सीनच्या बाहेर आली ती नापास!"

तपासणीच्या दिवशी सकाळी मनिषाने ऑफिसचं दार लावून घेतलं आणि पोटात इन्सुलिन टोचलं. तिला डायबिटीस होता, हे शाळेत कुणालाही माहीत नव्हतं. मुलींना गोड खाण्यावरून व्याख्यानं देणाऱ्या बाईने हे सांगायचं तरी कसं! इंजेक्शननंतर लगेच खायला हवं, म्हणून तिने डबा उघडला. मेथीचा पराठा. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, आज न्हाय जमायचं." जानकीबाईच्या मागे बँजो कडाडत होता. "भाच्याची हलद हाय! आख्खं राहनाळ मांडवात हाय, आन मी तुमच्याकडं येऊन मरू कशी?"

"जानकीबाई, आज समिती येणारे!"

"मंग त्यांना पन घेऊन या जेवायला!"

फोन कट. मनिषा पराठ्याचा तुकडा मोडते न मोडते तोच शिपाई महादू दारात. "मॅडम, साहेब आले!" ते तर तासाभराने यायचे होते. पण त्या दिवशी मानकोली नाक्यावर एकही ट्रक अडकलेला नव्हता. असं वर्षातून एकदा होतं, आणि ते नेमकं त्याच दिवशी झालं!

डबा बंद झाला. हार झाले, दीपप्रज्वलन झालं, शाळेची प्रगती सांगणारं प्राचार्य चांगदेव सरांचं भाषण झालं. भाषण प्रगतीपेक्षा बरंच लांब होतं. समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त डॉक्टर, शेवटी म्हणाले, "चला, पेशंट दाखवा."

"पेशंट मीच आहे सर," मनिषा म्हणाली. तिला थोडं हलकं हलकं वाटत होतं. आत्मविश्वास असेल, असं तिने धरलं.

आजचा प्रसंग होता शुगर एकदम उतरलेला पेशंट. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, मग बेशुद्धी. पूर्वाने तिच्या कपाळावर ग्लिसरीन-पाणी शिंपडून घाम तयार केला. मनिषा खाटेवर आडवी झाली. करिष्माला पेशंटच्या बहिणीचा रोल होता. कोपऱ्यात उभं राहायचं आणि रडायचं. त्यात काही धुवायचं नव्हतं.

"सुरू!" चांगदेव सर टिक करायचा कागद घेऊन सरसावले.

"मी पूर्वा, तुमची नर्स. मी हात धुते."

टिक.

मनिषाने ठरल्याप्रमाणे हात थरथरवायला घेतले आणि तिच्या लक्षात आलं, ते आधीच थरथरतायत. तिने ते थांबवून बघितले. थांबेनात! छातीत खालच्या मागासारखं धडधडायला लागलं. पराठा! पराठा राहिला!

"थांबा," ती म्हणाली. "पूर्वा, थांब. मला खरंच होतंय."

पूर्वाने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "ताई, घाबरू नका, मी आहे ना. मी शुगर तपासते."

"अडतीस!" चांगदेव सरांनी कागदावर आधीच लिहिलेला आकडा वाचला. टिक.

बरोबर असेल, मनिषाला वाटलं. तेवढीच असेल.

"अगं, ऑफिसात डबा आहे... मी सकाळी इन्सुलिन घेतलंय..."

"पेशंटने इन्सुलिन घेतल्याची माहिती मिळवली," पूर्वा खणखणीत आवाजात म्हणाली. टिक. अध्यक्षांनी समितीतल्या शेजारच्या बाईंना सांगितलं, "प्रश्न न विचारता माहिती काढली! फार छान!"

मनिषाने उठायचा प्रयत्न केला. दोन मुलींनी तिला खांदे धरून परत निजवलं. हळुवारपणे, अगदी तिनेच शिकवलं होतं तसं. जीभ कापसाच्या बोळ्यासारखी झाली होती. आणि मग तिच्या तोंडून तिने वीस वर्षं शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेली घरची बोली बाहेर पडली.

"मना साकर दे गो! नाटक न्हाय गो ह्या! मना साकर दे!"

खोलीत हशा पिकला. "वा!" अध्यक्ष म्हणाले, "अस्सल गावातला पेशंट उभा केलाय!"

"मी डॉक्टरांना कळवते," पूर्वाने जाहीर केलं. वायर नसलेल्या लाल फोनकडे तिने नुसतं बोट दाखवलं. टिक. "मी ऑक्सिजन लावते." टिक. "मी शिरेतून पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज देते." टिक. टिक. शिरेतून साखर देण्याला डबल मार्क होते.

निदान अचूक होतं. उपचार अचूक होता. क्रम अचूक होता. आणि मनिषा मरत होती! छताचा पंखा लांब लांब जाऊ लागला. आपण गेलो तर हे टाळ्या वाजवतील, तिला स्वच्छ कळलं, आणि माझ्या पूर्वाला पैकीच्या पैकी मिळतील. घरी मुलगी चार वाजता शाळेतून येते, किल्ली माझ्या पर्समध्ये... पुढचा विचार सापडेना. तिने ओरडायला तोंड उघडलं. खाली मागांची दुसरी रांग सुरू झाली आणि तिचा आवाज कापडात विणला गेला.

"पेशंटला आता बरं वाटतंय," पूर्वा म्हणाली.

टिक.

रडता रडता करिष्मा कोपऱ्यातून पुढे आली आणि बहिणीच्या नात्याने तिने मनिषाच्या मानेखाली हात घातला. आणि रडायची थांबली.

"सर, मॅडमची पाठ भिजलीय."

"करिष्मा, सीन!" चांगदेव सर दबक्या आवाजात म्हणाले.

"ग्लिसरीन कपाळावर लावलंय सर. पाठीला कोन लावील?"

"नापास होशील!"

"ते मी व्हतेच दर वेळी!"

तिने खाटेवरूनच उडी घेतली म्हणा ना! आधी ग्लुकोजची बरणी उचलली, मग तिला आठवलं की त्यात खडूची पूड तिनेच भरलीय. बरणी टाकली. सलाईनकडे वळली, त्यात नळाचं पाणी. अख्ख्या लॅबमध्ये खरी अशी एकच वस्तू होती, खाटेवरची बाई. करिष्मा ऑफिसकडे धावली. तिथून महादूचा आवाज मनिषाला फार लांबून ऐकू आला.

"अगं ए! ते गुलाबजाम साहेबांचे हायेत!"

"मंग साहेबांना सांग, सपले!"

ती गुलाबजामचा डबा घेऊन परत आली. मनिषाला तिने कुशीवर वळवलं, पाकात बोट बुडवलं आणि गालाच्या आतून चोळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. काहीही बोलत नव्हती. एक शब्द नाही!

"हे गुलाबजाम स्क्रिप्टमध्ये आहेत का?" अध्यक्षांनी विचारलं.

ते गमतीने पुढे आले, मनिषाचं मनगट हातात घेतलं, आणि चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या त्या माणसाचा चेहरा खडूच्या पुडीसारखा झाला.

"अरे, ही बाई खरी आहे!"

मग धावपळ. जिन्यावरून मनिषाला चौघींनी उचलून खाली आणलं. सलग दोन पायऱ्या कुणी "मी आता पेशंटला उचलते" असं म्हणालं नाही, म्हणजे मुली किती घाबरल्या असतील बघा! अध्यक्षांच्याच गाडीतून तिला हॉस्पिटलच्या तातडीच्या कक्षात नेलं. वाटेत पाक गिळता गिळता तिला थोडं थोडं दिसू लागलं. पहिल्यांदा दिसला करिष्माचा हात. कोपरापर्यंत चिकट.

"मॅडम, हात धुयाचे ऱ्हायले," करिष्मा ओशाळून म्हणाली.

मनिषाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते ग्लिसरीन नव्हतं.

कक्षात गर्दी होती. अध्यक्ष डॉक्टर शोधायला गेले. "पाकाने तात्पुरतं सावरलंय, पण शुगर पुन्हा उतरेल. ताबडतोब सलाईन लागलं पाहिजे!" असं ओरडतच गेले. खाटेशी पांढऱ्या गणवेशातला एक तरुण आला.

"मॅडम! तुम्ही?"

दिनेश! गेल्या वर्षीच्या बॅचमधला एकटाच मुलगा आणि तोच पहिला नंबर! मनिषाने सुटकेचा श्वास सोडला. आपल्या हातचा मुलगा. आता चिंता नाही.

दिनेश ताठ उभा राहिला. खणखणीत आवाजात, तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "मी हात धुतो. मी शुगर तपासतो. मी डेक्स्ट्रोजचं सलाईन लावतो."

आणि तसाच उभा राहिला.

त्याचे हात कोरडे होते. मागच्या रांगेत एक म्हातारा कण्हत होता, त्याच्या उशाशी सलाईनचा स्टँड होता, स्टँडवर बाटली नव्हती. दिनेश अजून थांबला होता. भुवया जरा वर, चेहऱ्यावर अदब. तो कशाची वाट बघतोय, हे तिला उशिरा उमगलं.

तिचं बोट आपोआप उठलं आणि हवेत एक बारीकशी टिक मारून खाली पडलं.

"थँक्यू मॅडम!" दिनेश म्हणाला आणि पुढच्या पेशंटकडे गेला.

मनिषाने छताकडे पाहिलं. इथलाही पंखा आता किंचित लांब जाऊ लागला होता.

"करिष्मा," ती हळूच म्हणाली, "तो डबा आणलायस ना?"