गंगीच्या नावावरची पुस्तकं

मराठीच्या मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या मित्रांनो, वाचनालयातून शेवटचं मराठी पुस्तक तुम्ही कधी काढलंत? उचगावच्या एका म्हशीनं गेल्या महिन्यात चार काढली.

बेळगावात कमानींची एक जुनी दगडी इमारत आहे. बांधली विद्यापीठासाठी, आता तिथं ख्रिस्ती पाळक व्हायला आलेली मुलं धर्मशास्त्र शिकतात, बहुतेक इंग्रजीतून. तिथले शिपाई आप्पा तिला ‘देवाची शाळा’ म्हणतात. सकाळी कुलूप काढण्याआधी खांबावर हात ठेवून विचारतात, “झोप झाली न्हवं, बाई?” मग चपला काढून आत. कपाळाला गंध लावणारा हा माणूस भावी पाळकांनाही अनवाणी करतो. एकानं चिडून विचारलं, “आप्पा, देव कुठल्या वर्गात आहे?”

“पहिलीत. तुमी पास करशिला तवा वर जाईल.”

वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांची यादी करायला मी तिथं जायचो. यंदा नियम निघाला: दोन वर्षांत कुणी न नेलेलं पुस्तक रद्दीत. म्हणजे मराठीचं अख्खं कपाटच जाणार. पण कार्डं काढली, तर एकेकावर ताजं नाव. गंगूबाई, उचगाव. पुन्हा गंगूबाई, उचगाव.

आप्पा उचगावचेच, म्हणून प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. “या बाई कोण?”

“म्हस हाय, सर.”

मी हसू दाबलं. प्राचार्य हसले नाहीत. “खोटं नाव लिहिलंत?”

“खोटं कसं? धार काढून झाली की रोज वाचून दावतोय तिला. पैठणच्या रेड्यानं वेद म्हटलं, आमच्या म्हशीनं नुसतं ऐकलं तर बिघडलं काय?”

पुढाऱ्यांची कैक भाषणं ऐकली मी. भाषेची एवढी ठाम बाजू कुणी मांडलेली आठवत नाही.

बाहेर आल्यावर विचारलं, “आप्पा, खरंच वाचता?”

ते कपाटाची काच पुसत राहिले. “तुझी काकू ऐकायची रं. साळंत गेली न्हवती ती. तिनं ‘फुडं?’ म्हटल्याबिगर पान उलटायचं न्हाय, अशी सवय लागली मला. आता गंगी कान हलवती. मग उलटतो.”

कपाटाला दिवाळीपर्यंत मुदत मिळाली आहे. अट एकच, कार्डावर माणसांची नावं हवीत. वाचनालय सगळ्यांना खुलं आहे. या. चपला काढा. गंगीच्या खाली तुमचं नाव लिहा, पुस्तक घरी न्या आणि कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. समोरून ‘फुडं?’ आल्याशिवाय पान उलटू नका.