ताणलेली टेप

"श्वास सोडा," बायको म्हणाली.

"सोडलाय."

"मग पोट आत कसं? सोडा म्हटलं ना!"

मास्तरांनी श्वास सोडला, तसं पोट बाहेर येऊन आपल्या नेहमीच्या जागी विसावलं. बायकोने कमरेभोवती टेप गुंडाळली, आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. "अहो, दोन इंच कमी झाली की हो कंबर!" तिचा चेहरा असा काही उजळला की मास्तरांना स्वतःची लाज वाटली. पण ती फार वेळ टिकली नाही, कारण पाठोपाठ साखर घातलेला चहा आला.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणाचे. वडिलांचं दुकान, वडिलांचं मशीन आणि आता डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे वडिलांचंच पोट. त्या पोटाने वडिलांना मशीनवर बसल्या बसल्याच नेलं होतं. मास्तर आता त्याच वयाला पोचले होते आणि बायकोच्या मनातून ही गोष्ट काही केल्या जात नव्हती. डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं, तेव्हा मास्तरांनी कारणांचं दुकानच उघडलं. गुडघा दुखतो. चपला चावतात. रस्त्यात कुत्री असतात. सकाळी गिऱ्हाईक येतं. पुढच्या महिन्यापासून नक्की. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "दर रविवारी मी माप घेणार. कंबर उतरली नाही तर साखर बंद, तळलेलं बंद आणि दुकानातली दुपारची झोपही बंद."

झोपेवर गदा आली म्हटल्यावर मास्तरांचं डोकं चालू लागलं. त्यांच्याकडे एकाच वेळी घेतलेल्या दोन पिवळ्या कापडी टेपा होत्या. एक दुकानातली, रोज गळ्यात असायची आणि घरी आल्यावर दाराजवळच्या खिळ्यावर टांगली जायची. दुसरी घरच्या कपाटातली. मास्तरांनी कपाटातली टेप गुपचूप दुकानात नेली, ओली केली आणि जुनी कोळशाची इस्त्री तिला बांधून ती मागच्या खोलीत लटकत ठेवली. आठवड्याभरात टेप अशी ताणली गेली की चाळिसाची कंबर अडतीस भरावी. मग ती वाळवून, घडी घालून परत कपाटात.

फिरायला मात्र ते रोज वेळेवर निघत. घरातून निघायचं ते थेट दुकानात, मागच्या दाराने आत, अस्तराच्या गठ्ठ्यावर तासभर झोप. निघताना नळाचं पाणी कपाळावर आणि बगलेत मारायचं, की घाम तयार. बायको टॉवेल घेऊन दारात उभी असायची.

"किती दमलात हो!"

"सवय होईल हळूहळू," मास्तर म्हणायचे.

सगळं कसं सुरळीत चाललं होतं. अशातच अग्निशमन केंद्राचं काम आलं. केंद्राची तपासणी करायला वरून मोठे अधिकारी येणार होते आणि त्याआधी सगळ्या जवानांना नवे गणवेश हवे होते. असं काम मास्तरांच्या दुकानात आजवर आलं नव्हतं. सोमवारी सकाळी ते घाईघाईने निघाले, तेव्हा बायकोने खिळ्यावरची टेप स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यात घातली.

"नीट मापं घ्या. नाव राखा," ती म्हणाली.

मास्तरांनी केंद्रावर जाऊन बंबाच्या सावलीत एकेकाला उभं केलं, टेप फिरवली, आकडे सांगितले. जवान खूश झाले. शिडीवर सगळ्यांत आधी चढणारा पैलवान तर आकडा ऐकून म्हणाला, "बघा, मी म्हणत होतो ना, उगाच व्यायाम व्यायाम करतात. न करताही उतरतंय." मास्तरांनी मान डोलावली. त्यांचं तरी वेगळं काय मत होतं?

दुकानात येऊन त्यांनी कापड पसरलं आणि नेहमीप्रमाणे लाकडी पट्टीने खुणा केल्या. वडिलांची पद्धत होती ती. अंगाचं माप टेपने, कापडाचं पट्टीने. आठवडाभर मशीन धावत होतं. शनिवारी पैलवान घालून बघायला आला, पडद्यामागे गेला आणि बराच वेळ आतून फक्त कण्हण्याचे आवाज येत राहिले.

"मास्तर, हूक लागत नाही."

"ओढा जरा."

"ओढून ओढून डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन बोटं अंतर राहतंयच."

आता अशा वेळी जगातला कुठलाही शिंपी जे बोलतो, तेच मास्तर बोलून गेले. "पँट बरोबर आहे. पोट सुटलंय तुमचं."

"सोमवारी घेतलंत ना माप!"

"मग सोमवारपासून काय काय खाल्लंत ते आठवा."

पैलवान आठवू लागला आणि आठवता आठवता त्याचा चेहरा पडला. त्याच्यामागून बंबाचा चालक आला, त्याचंही तेच. मग बाकीचे आले. एकेक जण पडद्यामागे ताठ मानेने जायचा आणि खाली मान घालून बाहेर यायचा. शेवटची पँट परत आली तेव्हा मास्तरांना शंका आली. त्यांनी गळ्यातली टेप काढून लाकडी पट्टीला लावली. मग मटकन स्टुलावर बसले. कपाळावर घाम आला होता आणि या वेळी तो नळाचा नव्हता.

ही टेप गळ्यात आली कशी? बायकोने कपाटातून काढून नंतर चुकून खिळ्यावर टांगली असणार. खरं सांगावं, तर काम जाणार, वडिलांचं नाव जाणार आणि बातमी घरी पोचली की झोपही जाणार. तरी मास्तर धीर करून उठले होते, पण तेवढ्यात केंद्राचे साहेब दारात उभे राहिले. साहेब अंगाने इतके किडकिडीत की शर्टावरून बरगड्या मोजाव्यात.

"मास्तर, कळलं मला सगळं," साहेब म्हणाले.

"साहेब, त्याचं असं झालं..."

"तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. मी वर्षभर सांगतोय या लोकांना, पत्ते कुटत बसू नका. ऐकतील तर शपथ! तुमच्या पँटींनी डोळे उघडले." मग त्यांनी आवाज खाली आणला. "माझाही हूक लागत नाहीये. कुणाला बोलू नका."

साहेबांचं पोट सुटलं असं म्हणणं म्हणजे काठीला ढेरी आली म्हणण्यासारखं होतं. मास्तरांनी तोंड उघडलं. साहेबांनी बोलू दिलं नाही.

"पँटी आहेत तशाच राहू देत. माणसं बसवू त्यांच्यात. सोमवारपासून सगळे सकाळी पळणार आणि तुम्ही आमच्याबरोबर."

"मी? मी कशाला?"

"आमच्या हिला वहिनी भेटल्या होत्या. केवढं कौतुक करत होत्या! रोज चालता म्हणे, कंबर उतरवली म्हणे. पोरांसमोर असा एक माणूस हवाच."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बायकोने कपाटातून टेप काढली आणि मास्तरांच्या लक्षात आलं, की घरात आता खरी टेप राहिलेली आहे. पण लक्षात येऊन उपयोग काय?

"अहो, परत वाढली!" बायकोने डोळे मोठे केले. "होती तेवढी झाली. रोज फिरून फिरून वाढली?"

मास्तरांनी पोट आत ओढलं, पण उशीर झाला होता.

"साखरेचा डबा मी वर ठेवते," बायको म्हणाली. मग जरा थांबून, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मला भीती वाटते हो. तुम्हाला दुकानातून यायला उशीर झाला ना, की ते मशीनच माझ्या डोळ्यांपुढे येतं." त्या दिवशी मास्तरांना चहा बिनसाखरेचा असल्याचंही कळलं नाही.

सोमवारी ते केंद्रावर गेले ते कारणं घेऊनच. "साहेब, माझा गुडघा दुखतो." साहेबांनी चालकाला हाक मारली आणि त्याने गुडघा असा काही चोळला की तो दुखायचा राहिला आणि त्याच्या वरचं सगळं दुखू लागलं. "साहेब, माझ्या चपला." गोदामातून बूट आले. "साहेब, वाटेत कुत्री असतात." पैलवान म्हणाला, मी आहे ना बाजूला. "साहेब, दुकान उघडायला उशीर होईल." साहेब हसले आणि म्हणाले, "पळून झालं की बंबातून सोडतो."

आणि खरंच सोडलं. लाल बंब घणघण घंटा वाजवत दुकानापुढे थांबला, तशी सगळी गल्ली बादल्या घेऊन बाहेर आली. शेजारच्या चष्मेवाल्याने तर पाणी मारलंही. बंबातून मास्तर उतरले, भिजलेले, धापा टाकत, गुडघ्यांवर हात ठेवून.

"कुठे लागलीय आग?" चष्मेवाल्याने विचारलं.

"माझ्या पायांना," मास्तर म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले.

पहिले काही दिवस त्यांच्या नाकी नऊ आले. पण थांबायची सोय नव्हती. ते थांबले की जवान थांबायचे आणि म्हणायचे, "मास्तरांना दम लागला, आम्हालाही लागला." मग साहेब सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून पळवायचे. आणि मास्तरांना पैलवानाची दया यायची. बिचारा तळलेलं सोडून कच्च्या काकड्या चघळत पळायचा आणि तेही एका टेपच्या पापापायी. म्हणून दुपारी, झोपेच्या वेळी, मास्तर अर्धं शटर ओढून बसायचे आणि प्रत्येक पँटच्या मागच्या शिवणीतून थोडंथोडं कापड सोडायचे. शिवणीत जेमतेम इंचभर कापड होतं. तेवढं त्यांनी जपून वापरलं. आज एक सूत, दोन दिवसांनी आणखी एक सूत.

"मास्तर, हूक जवळ आला!" पैलवान ओरडायचा.

"येणारच. मेहनत आहे तुमची," मास्तर खाली बघत म्हणायचे.

उरलेला इंच मात्र ज्याने त्याने घाम गाळून भरून काढायचा होता, आणि जवानांनी तो भरून काढला. तपासणीच्या दिवशी सगळ्यांचे हूक लागले. अधिकाऱ्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि असे चपळ जवान बऱ्याच दिवसांत पाहिले नाहीत असं म्हणाले. गडबड एकट्या साहेबांची झाली. त्यांच्याकडे उतरवायला मुळात काही नव्हतंच, तरी त्यांनी ते उतरवलं होतं, शिवाय शिवणही सैल झालेली. ते उजव्या हाताने सलाम करत होते आणि डाव्या हाताने कंबर धरून उभे होते. अधिकाऱ्यांना ती शिस्तीचीच काहीतरी नवी पद्धत वाटली.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पळायचं आता संपलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी रविवारी त्यांना पहाटेच जाग आली. बराच वेळ ते छताकडे बघत पडले, कूस बदलली आणि शेवटी स्वतःवरच चिडून बूट घालून बाहेर पडले. परत आले तेव्हा बायको टेप घेऊन उभी होती. टेप खरीच होती. कारण ताणलेली त्यांनी दुकानात मशीनच्या खणात, तळाशी दडवली होती.

"श्वास सोडा."

"सोडलाय."

"पोट..." बायको म्हणाली आणि थांबली. "अडतीस."

खोट्या टेपने सांगितलेला आकडा खऱ्या टेपवर आला होता. सगळं सांगून टाकावं असं मास्तरांना वाटलं.

"अगं, एक सांगायचंय. त्या दुसऱ्या टेपचं..."

"ताणलेल्या ना?"

"तुला कशी ठाऊक?"

"तुमची कंबर उतरलेली बघून मला वाटलं, बघू तरी आपली किती आहे," बायको म्हणाली. "ती पण दोन इंच कमी! एक अख्खा दिवस मी हवेत होते. आरशापुढून हलले नाही. मग म्हटलं, मी तर चालायला म्हणून पाऊलही बाहेर टाकत नाही, माझी कशी उतरेल? तुमच्या खिळ्यावरच्या टेपला लावून बघितली, तर ही लांब. म्हणून त्या सोमवारी तीच खिळ्यावर टांगून तुमच्या गळ्यात घातली."

"अगं पण कामाच्या दिवशी!"

"मला काय माहीत! म्हटलं एवढे कारागीर, टेप हातात धरल्याबरोबर ओळखाल, शरमाल आणि घरी येऊन कबूल कराल. तुम्ही अख्ख्या बंबवाल्यांच्या पँटी शिवून मोकळे व्हाल, असं कुणाला वाटलं होतं!"

मास्तर आधी खजील झाले आणि मग त्यांना हसू आवरेना. हसताना पोट पूर्वीसारखं हललं नाही, हेही त्यांना जाणवलं. त्यांनी बायकोचा हात धरला. "उद्यापासून आपण दोघं जाऊ. तुझीही कंबर मोजू. आणि ती लबाड टेप आत्ताच दुकानातून आणून चुलीत घालतो."

"दुकानात नाहीये ती."

"मशीनच्या खणात आहे. मीच दडवलीय."

"होती," बायको म्हणाली आणि टेपची घडी घालू लागली. "परवा जेवणाचा डबा द्यायला दुकानात गेले होते, तेव्हा मी घरी आणली."

"कशाला?"

"असू दे घरात एक. माझ्यापुरती."

"म्हणजे? तू येणार नाहीस चालायला?"

"येणार ना," बायको म्हणाली आणि लगबगीने स्वयंपाकघराकडे वळली. "पण हल्ली माझा गुडघा जरा दुखतोय. पुढच्या महिन्यापासून नक्की."

मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते तिच्यामागोमाग आत गेले, वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढला आणि काखेत मारून म्हणाले, "दर रविवारी माप मी घेणार."