डाळजचा कुकर

तात्यांपुढे उभं राहण्याआधी सूर्य कुठे आहे ते बघावं लागे. सोलर पॅनेलवर सावली पडली की माणूस कोण हे न बघता ते म्हणत, "सावली काढा." आमच्या विद्यापीठाचं सौरऊर्जा केंद्र बघायला कुलगुरू आले, तर त्यांनाही तात्यांनी तेच सांगितलं. कुलगुरू मुकाट्यानं बाजूला झाले. बोलणी मी खाल्ली.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. बारामती-इंदापूरच्या गावांतून केंद्राचं काम चाले. मी संशोधन सहायक, तात्या तंत्रज्ञ. मूळचे पिंपळीचे, एकेकाळी मेंढरं राखणाऱ्या घरातले. वीज वाचवायची म्हणून आम्ही पंख्याखाली बसलेलो असतानाच ते तो बंद करत. "वारं भाईर फुकट हाय," म्हणत खिडकी उघडत. मग माझे कागद खोलीभर.

पण माझा खरा संताप डाळजच्या कुकरवर होता. उन्हावर शिजवणारे पेटीचे कुकर आम्ही गावोगाव वाटले होते. बाकीचे सुरळीत चालले; डाळजच्या एका आजींचा मात्र दर गुरुवारी बिघडे. कधी रबर सैल, कधी आरसा हललेला. तात्या सकाळी जीप घेऊन जात ते दुपार कलल्यावर उगवत. एकाच कुकरला इतक्या फेऱ्या का, अशी पुण्याहून विद्यापीठाची विचारणा झाली. मी तात्यांना विचारलं, तर म्हणाले, यंत्र हाय, आजारी पडतंय.

शेवटी एका गुरुवारी मीच जीपमध्ये जाऊन बसलो. डाळजला उतरल्या उतरल्या मी कुकर उघडला. रबर घट्ट, आरसा लख्ख, आत भात शिजलेला. तात्या हात धुवायला गेले, तेव्हा मी आजींना जरा चढ्या आवाजातच विचारलं, बिघाड कुठाय?

आजींनी तात्यांच्या पाठीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बिघाड न्हाय. बायको गेल्यापास्नं त्याला जेवाय बस म्हननारं कुनी न्हाय. कुकर चांगला हाय म्हनलं, तर यायचा न्हाय. आन् मलाबी एकटीला घास उतरत न्हाय."

त्यांनी तीन ताटं मांडली. तात्या मान खाली घालून जेवत होते. आजी पुन्हा पुन्हा वाढत होत्या, आणि ते एकदाही नको म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी अहवालात लिहिलं, 'डाळज येथील कुकरची दर आठवड्यास पाहणी आवश्यक.' सहीसाठी कागद तात्यांपुढे ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला, सही केली.

"म्हातारीला वांगं लई आवडतं," ते म्हणाले. "गुरवारी जाताना घिऊ."