लेस्टरसाठी गाऱ्हाणं

"बाबा, मांजर आणू?" दिशाने तेविसाव्यांदा विचारलं, तेव्हा मुलुंडच्या चंद्रप्रकाश सावंतांनी पेपरातून डोकं वर काढलं. "लेस्टर लीग जिंकली ना, की आण!"

दोन हजार पंधराचा ऑगस्ट होता. आदल्या वर्षी लेस्टर तळातून कशीबशी वाचली होती. इंग्लंडचं फुटबॉल सावंतांना तोंडपाठ, म्हणून तर नेमकी तीच टीम निवडली. ताटातल्या सुरमईला वाटेकरी त्यांना नको होता.

पण लेस्टर जिंकायलाच लागली की हो! शनिवार आला की दिशा लेस्टरसारखा निळा टी-शर्ट घालून टीव्हीपुढे नाचायची आणि सावंत समोरच्या टीमला ओरडून ओरडून खेळवायचे. घसा असा बसायचा, की ऑफिसात बुधवारपर्यंत चिठ्ठ्या लिहून बोलायचे.

जानेवारीत लेस्टर एफए कपातून बाहेर पडली. सावंतांनी मजल्यावर पेढे वाटले.

"बाबा, तो कप. लीग वेगळी," दिशा दुसरा पेढा उचलत म्हणाली. "उलट आता त्यांना आराम मिळेल."

एप्रिल आला तरी लेस्टर वरच. शेवटी सावंत आईला शरण गेले. "आई, देवाक गाऱ्हाणां घाल. लेस्टर हरूक होयी."

द्रौपदीबाईंनी पदर खोचून नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सावंतांनी डोळे मिटले. गावच्या देवळात लहानपणापासून ते असंच ओरडत आलेले. मधलं ऐकायची सवयच नव्हती.

"निळ्या कपड्यातल्या झिलांका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या नातीच्या मनातलां होऊ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एवढंच गाऱ्हाणं. नारळ फुटला. दिशा हसता हसता सोफ्यावरून खाली आली, तेव्हा कुठे सावंतांच्या डोक्यात उजेड पडला.

"आई, वाट लावलीस! परत घाल, उलटा घाल!"

"देवाक काय रिमोट आसा? तूच व्हय म्हणालंस."

मे महिन्यात लेस्टर खरंच चॅम्पियन झाली. संध्याकाळी दिशा टोपली घेऊन घरात आली. आत दोन मांजरं.

"अगं, एक ठरलं होतं!" सावंत किंचाळले.

"गाऱ्हाण्यात दोन होती," द्रौपदीबाई शांतपणे म्हणाल्या. "तू व्हय म्हणालंस."

सावंतांनी आठवून पाहिलं. काही म्हणजे काही आठवेना.

"आई... आणखी काय काय म्हणालंस गो तू?"

"आधी मांजरांका दूध दी," आई म्हणाली. "बाकीचां एकेक करून सांगतंय."