मण्यातला वॉकर

अपघातात चेपलेल्या गाड्यांचे फोटो काढण्यात ज्याची अर्धी नोकरी गेली, त्याला वाटाण्याएवढ्या दोन सोन्याच्या मण्यांचा फोटो काढायला कितीसा वेळ लागणार? विमा कंपनीच्या सर्व्हेअरने रविवारी सकाळी "पाच मिनिटांचं काम" असं बायकोला सांगितलं आणि तो बनियनवरच जेवणाच्या टेबलापाशी उभा राहिला. बायकोने नाश्त्याच्या बशा उचलता उचलता घड्याळाकडे पाहिलं. नवऱ्याच्या पाच मिनिटांचा तिला अनुभव होता.

ते मणी म्हणजे आईचे कानातले. गेल्या महिन्यात आई बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आधी नर्सने कानातले आणि अंगठी काढून पाकिटात घालून दिली, ती परत अंगावर चढलीच नाहीत. "आता मला काय करायचंय?" असं आई म्हणाली. "दोन वस्तू, दोन पोरी. फोटो पाठव, कुणाला काय हवं ते त्यांचं त्या ठरवतील."

यात मेख एकच होती. आई पडल्याचं पोरींना ठाऊकच नव्हतं. दोघी लांबच्या शहरांत, दोघी नोकरीवाल्या. दवाखान्यात धड शुद्धीवर येण्याआधीच आईने मुलाला बजावलं होतं, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, पोरींना एक अक्षर कळता कामा नये. कामधंदा टाकून धावत येतील." तेव्हापासून सर्व्हेअर बहिणींशी सफाईने खोटं बोलत होता. आई झोपलीय, आई शेजारी गेलीय, आईच्या फोनचा कॅमेरा बिघडलाय. विम्याचे पैसे मागायला येणाऱ्यांच्या थापा इतकी वर्षं ऐकल्या, त्या अशा कामी आल्या.

"झाला!" पहिला फोटो काढून तो म्हणाला. "धाडतो."

"थांबा." बायकोने फोन घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. "अहो, हे काय?"

"मणी."

"मण्यात काय आहे ते बघा."

मण्यात अख्खं घर होतं. फुगलेलं, वाकडं, पण एकही वस्तू न गाळता. खिडकी, फ्रिज, बनियनमधला सर्व्हेअर, आणि मधोमध चार पाय रोवून उभा असलेला आईचा वॉकर.

"एवढ्याशा मण्यात कोण बघतंय?"

"ताई बघतील," बायको म्हणाली. थोरली नणंद एका प्रयोगशाळेत दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत असे. "आई रोज सकाळी सगळ्यांना फुलांचे फोटो पाठवतात ना, त्यातल्या एका गुलाबावरची माव्याची कीड ओळखली होती ताईंनी. विसरलात?"

सर्व्हेअर विसरला नव्हता.

"बघू मला," खुर्चीतून आई म्हणाली. तिने फोन हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला. "चांगला तर आलाय."

"आई, वॉकर दिसतोय त्यात."

"दिसतोय खरा," आई म्हणाली आणि फोन परत द्यायला तिने थोडा वेळच लावला.

बायकोने आईला हाताला धरून तिच्या खोलीत नेलं आणि वॉकर बाल्कनीत गेला. दुसऱ्या फोटोत तो नव्हता, पण हिरवा पडदा मण्यात उतरला आणि सोन्याला शेवाळ आल्यासारखं दिसू लागलं. पडदा काढला तर खिडकीचा लखलखीत चौकोन मण्याच्या बरोब्बर नाकावर बसला. सर्व्हेअर खाली वाकला, टेबलाच्या बाजूने गेला, शेवटी खुर्चीवर चढला. तो जाईल तिथे मण्यातला बनियनवाला त्याच्या पाठोपाठ हजर. आयुष्यभर तो चरे दिसावेत म्हणून धडपडला होता. काही दिसू नये म्हणून काय करायचं, हे त्याला नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या फोटोत वॉकर परत आला. आणि त्याच्यामागे आई.

"आई! हा बाल्कनीत होता ना?"

"सूनबाईकडून मागून घेतला. पाणी हवं होतं. उडत जाऊ का स्वयंपाकघरात?"

त्याने आईच्या उशाशी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. मग तिला पेपर हवा झाला. पेपर दिला तर चष्मा. दर खेपेला ठक ठक करत वॉकर खोलीत यायचा आणि मण्यात जाऊन बसायचा.

"सरळ विचार करा," शेवटी बायको म्हणाली. "मण्याचा काय दोष? समोर असेल ते दाखवतो बिचारा. त्याच्यासमोर काही ठेवूच नका. पांढऱ्यात कोंडा त्याला."

कोंडायला सापडला तो पिठाचा दुधी प्लॅस्टिकचा डबा. पीठ परातीत ओतलं गेलं, डब्याच्या बुडाला फोनपुरतं भोक पडलं, आणि मण्यांवर डबा पालथा घालून दोन्ही बाजूंना टेबलावरचे दिवे लावले. बाहेरून प्रखर असलेला उजेड आत झिरपताना मऊ होत होता. कल्पना झकास होती. फक्त डबा धुवायचं राहिलं होतं. सर्व्हेअरने भोकाशी नाक नेलं आणि जी शिंक दिली, तिने डबा एकीकडे गेला आणि एक कानातलं टेबलावरून उडून कपाटाखाली.

तो पालथा पडून हात घालत होता, तोवर आई आली. खुर्चीत बसून तिने वॉकर आडवा केला, त्याचा एक पाय कपाटाखाली सरकवला आणि पिठाने माखलेला मणी बाहेर ओढला. "घे. फोटोत नको असला तरी कामाला आला."

"आई, हे मी कुणासाठी करतोय? शपथ कुणी घातली?"

"मीच," आई म्हणाली. "आणि तू पाळतोस हो. फारच चांगली पाळतोस."

सर्व्हेअरला ते कौतुक वाटलं.

डबा धुतला, पुसला. मणी मऊ फडक्याने पुसले. भोकाला फोन लावून त्याने श्वास रोखला. फोटो उघडला तर दोन मणी, दोन छोटे पिवळे चंद्र, आणि आजूबाजूला नुसतं पांढरं. खिडकी नाही, बनियन नाही, वॉकर नाही. अंगठीचाही तसाच निघाला. बहिणींना फोटो गेले आणि उत्तरं आली. थोरली म्हणाली, "दुकानातल्यासारखे दिसतायत." धाकटी म्हणाली, "दादा, मस्त. आई कशी आहे?" त्याने लिहिलं, "मजेत."

आईला फोटो दाखवला. ती पाहत राहिली. "यात काहीच नाही," ती म्हणाली.

"तेच तर हवं होतं!"

"हो," असं म्हणून ती वॉकर घेऊन आपल्या खोलीत गेली. ठक ठक नेहमीपेक्षा सावकाश होती.

संध्याकाळी थोरलीचा फोन आला. "वॉकर कुणाचा?"

कानावरचा फोन समोर धरून सर्व्हेअरने त्यातच तो पांढरा फोटो उघडला, फाटेल इतका ताणला. काही नव्हतं. "कुठला वॉकर, ताई?"

"तुझ्या फोटोतला नाही रे. आईने पाठवलाय त्यातला. आम्हा दोघींना. आणि इतका मोठा करून, कडा कापून पाठवलाय, की मणी उरलाच नाही. नुसता वॉकर. खरं बोल आता."

तो खरं बोलला. थोरली आधी रागावली, मग रडली, मग गाडीचं बघते म्हणाली. त्याने आपला फोन तपासला. सकाळी पहिलाच फोटो त्याच्या फोनवरून आईच्या फोनवर गेलेला होता.

आई पलंगावर बसून केस विंचरत होती.

"आई, तो फोटो तू पाठवलास?"

"चुकून गेला असेल. मला मेलीला कुठे कळतंय फोनमधलं."

"चुकून मोठा झाला? चुकून कापलाही गेला?"

आईने फणी खाली ठेवली. "शपथ मी तुला घातली होती," ती म्हणाली. "मला कुणी घातली होती?"

सर्व्हेअर तिच्या शेजारी बसला. त्याला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. महिनाभर त्याने शपथ डोळ्यांत तेल घालून सांभाळली. ती आता हवी आहे का, हे एकदाही विचारलं नाही. आणि आई तरी कशी सांगणार होती? पोरींना येऊ नका म्हणण्यात तिचा सगळा मान होता.

"उद्या दुपारी येतायत," तो म्हणाला. "दोघी."

"कशाला उगीच? कामधंदा टाकून!" आई म्हणाली आणि तिने घाईघाईने पदर सारखा केला. "ते कानातले आण इकडे. पोरींसमोर भुंड्या कानांनी बसू का?"

"त्यांना द्यायचेत ना?"

"देईन की. मी कुठे पळून चाललेय? पळता येतंय का मला?"

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकताच आई बाहेरच्या खोलीत येऊन बसली. वॉकर तिने सगळ्यांना दिसेल असा पुढ्यात घेतला होता. खुर्ची थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, असं तिने मुलाकडून चारदा सरकवून घेतलं.

"आता बघ," ती मान वळवून म्हणाली. "मण्यात दार दिसतंय का?"

सर्व्हेअर तिच्या कानाशी वाकला. मण्यात तो होता, खिडकी होती, वॉकर होता, आणि एका कडेला इवलंसं उघडं दार.

"दिसतंय."

"मग राहू दे खुर्ची इथेच," आई म्हणाली.