सव्विसावा माणूस

दुपारचा एक वाजला तरी सिनेटर लॉयल हेगस्टॅड यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि ही वेळ त्यांनी स्वतःच ओढवून घेतली होती. पूर्वी अधिवेशनात कंपन्यांचे लॉबीवाले सिनेटरांना रोज जेवू घालत. लॉयलनी कायदा आणला : जेवू घालणाऱ्याचं नाव आणि बिल जाहीर झालंच पाहिजे. तेव्हापासून लॉबीवाले त्यांना बघून नुसती मान डोलवत आणि पुढे सटकत. त्यात आज बर्फामुळे कँटीन बंद.

बाहेर विधानभवनाच्या पायऱ्यांवर शिक्षकांची निदर्शनं चालली होती, तीही लॉयलच्याच दुसऱ्या कायद्याविरुद्ध : परवाना नसेल तर पायऱ्यांवर पंचवीसच माणसं. त्यामुळे नवा माणूस आला की जुना उठून गाडीत जाऊन बसायचा. पण त्यांच्या मोठ्या पातेल्यातून बटाट्याच्या सुपाची वाफ येत होती. लॉयल बाजूच्या दाराने बाहेर पडून पायऱ्या चढले आणि त्यांनी तिथला एक वाडगा उचलून पुढे केला.

"सव्वीस!" पहाऱ्यावरचा सार्जंट डेल्बर्ट ओरडला. सकाळपासून डोकी मोजून तो कंटाळून गेला होता.

"अहो, मी निदर्शनाला नाही आलो. सूप पितोय."

"साहेब, का आलात हे कायदा विचारत नाही."

"बरं बाबा, उतरतो."

"आता उतरून काय उपयोग? सव्विसावा चढला की गुन्हा झाला. तुम्हीच लिहिलंय."

लॉयलनी मनात हिशेब केला. नोव्हेंबरात निवडणूक, आणि स्वतःच्याच कायद्यात पहिला आरोपी आपण!

"डेल्बर्ट, जेवतोय तो, जेवू दे की," पातेल्यामागून व्हर्नाबाई म्हणाल्या. लॉयलना चौथीत त्यांनीच शिकवलं होतं.

"जेवणाऱ्याला सूट नाही, बाई. संध्याकाळी गुन्ह्याचा कागद कोर्टात जाणार."

"मग लॉयल, दे की सूट! सभागृहात बसतोस कशाला?"

दोन वाजता लॉयलनी दुरुस्ती मांडली : खात असलेला माणूस मोजू नये, आणि हे आज सकाळपासून लागू. सभागृह इतकं दमलं होतं, की कोणी वाचलीही नाही. सगळे हात वर झाले. संध्याकाळच्या आत राज्यपालांची सहीसुद्धा झाली. लॉयल त्या रात्री शांत झोपले.

सकाळी गाडी लावायला जागा मिळेना. पायऱ्या, हिरवळ, रस्ता, सगळीकडे माणसंच माणसं. तोंडात घास असल्यामुळे घोषणा तेवढ्या नीट कळत नव्हत्या.

लॉयल धापा टाकत डेल्बर्टपाशी पोचले. "निदर्शक किती आहेत रे?"

डेल्बर्ट स्टुलावर बसला होता. त्याने सावकाश सुपाचा घोट गिळला.

"एकही नाही, साहेब."